प्रबंधातले संदर्भ: कशाला पैसे मोजावेत, कशाला नाही

मार्च उजाडला की कॉलेजांच्या आसपासच्या टायपिंगच्या दुकानांत लघुप्रबंधांची रांग लागते. मजकूर झालेला असतो, गाईडची सही तेवढी बाकी असते, आणि गाईडने समासात पेन्सिलीने जागोजागी एकच शब्द लिहिलेला असतो: ‘संदर्भ?’ मग दुकानदारच मदतीला धावतो. संदर्भसूची करून मिळेल, तळटिपा लावून मिळतील, ‘प्लॅगरिझम’ कमी करून मिळेल. दर पानावर; उद्या सकाळी हवं असेल तर दर वेगळा.

टायपिंगचे आणि बाइंडिंगचे पैसे त्याला जरूर द्या, ते त्याचं काम आहे. संदर्भांचे मात्र देऊ नका. तुम्ही वाचलेलं पुस्तक त्याच्यासमोर नसतं. एखादं वाक्य १४७ पानावरचं की १७४ पानावरचं, हे त्याला कळणार कुठून? तो अंदाजाने आकडा घालतो आणि व्हायवाला तो आकडा तुमच्या नावावर जमा होतो.

संदर्भ देणं या कामाला मुळात पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते मूळ ग्रंथापर्यंत पोचायला आणि वेळेवर न टिपलेली माहिती नंतर शोधायला. साठ संदर्भांचा एखादा लघुप्रबंध धरा. पैकी वीस गोष्टी इंटरनेटवर फुकट मिळाल्या, चाळिसांची प्रत्येकी आठ पानं झेरॉक्स केली आणि पानाला दोन रुपये पडले, तर ३२० पानांचे ६४० रुपये. वाचतानाच नोंद केली तर एका संदर्भाला तीन मिनिटं पुरतात. साठांना तीन तास. हेच काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकललं की प्रत्येक पुस्तक पुन्हा मागवा, पान शोधा, आवृत्ती तपासा. संदर्भामागे अर्धा तास धरला तरी तीस तास झाले, आणि तोवर पुस्तक दुसऱ्या कुणीतरी घरी नेलेलं असतं. एसटीच्या फेऱ्या वेगळ्याच.

तीन फोटो

वाचनालयात मोबाइलने पान टिपण्याची सोय झाल्यापासून झेरॉक्सचा खर्च घटला, आणि निनावी पानांचा सुळसुळाट झाला. फोनमध्ये चारशे फोटो असतात, पण कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं हे आठवत नाही. उपाय साधा आहे. कुठल्याही पुस्तकाचे पहिले दोन फोटो शीर्षकपृष्ठाचे आणि त्याच्या मागच्या पानाचे काढा. आवृत्ती, वर्ष, प्रकाशक, संपादक हे सगळं त्या मागच्या पानावर असतं. मग हव्या त्या मजकुराचा फोटो घ्या, पण पृष्ठक्रमांक चौकटीत आला पाहिजे. जुन्या पुस्तकांत क्रमांक वरच्या कोपऱ्यात असतो आणि नेमका तोच कापला जातो.

मागच्या पानाचा आग्रह एवढ्यासाठी की मराठी पुस्तकांत आवृत्तीचा घोळ फार. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आलं. पुढे ते एकत्र निघालं, संक्षिप्त रूपातही निघालं. नुसतं ‘स्मृतिचित्रे, पृ. २१२’ लिहिलं तर ते कुठल्या पुस्तकाचं पान, हे परीक्षकाने ओळखायचं कसं? तुम्ही हातात धरली होती त्या आवृत्तीचं वर्ष द्या आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष कंसात ठेवा. तुकारामांच्या गाथेचं आणखी अवघड. अभंगांचे क्रमांक प्रतीगणिक बदलतात, म्हणून अभंग क्रमांकाबरोबर गाथेची प्रत आणि संपादक सांगितलाच पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचंही तसंच.

जुन्या पुस्तकावर फक्त शके छापलेलं असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं. जानेवारीपासून चैत्र सुरू होईपर्यंतच्या महिन्यांना मात्र ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८३० (१९०८-०९)’ असं दोन्ही लिहिणं प्रामाणिकपणाचं.

अवतरण उतरवताना शुद्धलेखन सुधारायचं नाही. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत आज न दिसणारे अनुस्वार जागोजाग भेटतात. टायपिस्ट ते ‘चुका’ समजून काढून टाकतो, म्हणून प्रूफ वाचताना अवतरणं मूळ फोटोशी ताडून पाहा. प्रबंधाचं बाकीचं प्रूफ एक वेळ मित्राकडून वाचून घ्या, अवतरणांचं स्वतःच करा. मूळ लेखकाचीच चूक असेल तर ती तशीच ठेवून पुढे कंसात ‘मुळात असेच’ लिहा. मधला मजकूर गाळला तर टिंबं द्या. इंग्रजीतून तुम्ही स्वतः मराठीत आणलेल्या अवतरणापुढे ‘भाषांतर माझे’ हे दोन शब्द टाका. ते नसतील तर वाचक छापील मराठी भाषांतर शोधत बसतो.

दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेलं तिसऱ्याचं वाक्य ही सर्वांत मोठी पळवाट. पेशवे दप्तरातल्या एखाद्या पत्राचा उल्लेख एखाद्या इतिहासग्रंथात वाचायचा आणि तळटिपेत थेट दप्तराचं नाव टाकायचं. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले त्या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापून निघाले आहेत. ते मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. तेवढी तसदी घ्यायची नसेल तर अमुक ग्रंथात ‘उद्धृत’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही. पत्र न पाहता पाहिल्याचा आव आणण्यात मात्र धोका आहे, कारण मधल्या लेखकाने तारीख चुकवली असेल तर तीच चूक तुमच्याही तळटिपेत उतरते आणि परीक्षकाला ती बरोबर सापडते.

फुकट काय काय आहे

संदर्भशैलीचं जाडजूड हँडबुक विकत घेऊ नका. एपीए शैलीची सातवी आवृत्ती, एमएलएची नववी, शिकागो; यांपैकी कुठली हवी ते आधी गाईडला किंवा विभागाला विचारा. विद्यापीठाने स्वतःचा नमुना ठरवून दिला असेल तर बाकी सगळं बाजूला. एपीएचे मूळ नियम त्यांच्याच संकेतस्थळावर नमुन्यांसह आहेत आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं ‘ऑनलाइन रायटिंग लॅब’ तिन्ही शैली समजावून सांगतं. दोन्हीला दमडी पडत नाही. एक नियम सगळ्यांना नडतो, तो इथेच सांगतो: लांब अवतरण वेगळ्या परिच्छेदात, समास सोडून, अवतरणचिन्हांशिवाय द्यायचं असतं. लांब म्हणजे किती? एपीएत चाळीस किंवा अधिक शब्द, एमएलएत गद्याच्या चार ओळींहून जास्त, शिकागोत साधारण शंभर शब्द.

संदर्भांची नोंद ठेवायला ‘झोटेरो’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते पुरून उरतं. त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबी जागा विनामूल्य मिळते. २ जीबी हवी असेल तर वर्षाला २० डॉलर, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये. तेही वाचवता येतात. पीडीएफ स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि झोटेरोत फक्त नोंदी ठेवा. नोंदींना जागेची मर्यादा नाही. मराठी नावं भरताना जरा जपून. आडनावाच्या रकान्यात ‘राजवाडे’, नावाच्या रकान्यात ‘वि. का.’ अशी आद्याक्षरं स्वतःच लिहा. सूची तयार झाली की ‘एट अल’, ‘एडिटर’ असे शब्द मराठी नोंदींत इंग्रजीतच उमटले आहेत का ते पाहा आणि हाताने ‘व इतर’, ‘संपा.’ करा. मराठी आणि इंग्रजी ग्रंथांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या तर वर्णानुक्रमाचं भांडणही मिटतं.

वाचायला काय मिळतं? भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आहेत. आपल्या विषयावरचे दोन-तीन प्रबंध आधी तिथे पाहा, निदान त्यांची संदर्भसूची तरी. तिथून पुस्तकांची नावं घ्या, वाक्यं नकोत. मराठी विश्वकोश आणि मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं पीडीएफ रूपात मिळतात. बाबासाहेब आंबेडकरांची म्हणून फिरणारी वाक्यं प्रबंधात पोस्टरवरून आलेली दिसतात, त्याला तर काहीच सबब नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे इंग्रजी खंड इंटरनेटवर उतरवून घेता येतात. वाक्य खंडात सापडलं नाही तर ते प्रबंधात घेऊ नका.

परदेशी नियतकालिकांतला एक लेख विकत घ्यायला प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतात. त्यासाठी कार्ड बाहेर काढण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठा. केंद्राची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती खुली आहेत. खासगी कॉलेजांना पहिल्या टप्प्यात नाहीत. तुमचं कॉलेज बाहेर राहिलं असेल तर जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं उघडून महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. याशिवाय लेखकाला दोन ओळींची ईमेल पाठवून पाहा; प्राध्यापक मंडळी स्वतःचा लेख बहुधा आनंदाने पाठवतात.

सरकारी कार्यालयातला अप्रकाशित अहवाल किंवा आकडेवारी हवी असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १० रुपयांत होतो आणि प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत. उत्तराच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख हाच मग तुमचा संदर्भ, म्हणून ते पत्र परिशिष्टात लावा.

फेलोशिप असेल तर पावत्या टाकून देऊ नका. यूजीसीच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपमध्ये मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आकस्मिक निधी असतो. पुस्तकं, झेरॉक्स, अभिलेखागाराच्या फेऱ्या असा खर्च त्यात दाखवता येतो.

टक्क्यांचा बाजार

‘माझं अठरा टक्के आलंय, दहाच्या आत आणून द्या,’ हा संवाद आता झेरॉक्सच्या दुकानातही ऐकू येतो. हे दहा कुठून आले? यूजीसीने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियम केले, त्यांतून. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत आढळलं तर सुधारून पुन्हा सादर करायचं, आणि त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रतही देता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द. पदवी हातात पडल्यावर चोरी सिद्ध झाली तरी पदवी स्थगित होऊ शकते. सहा महिन्यांची खोली, मेस आणि फी मोजली की खरा खर्च कुठे आहे ते ध्यानात येईल.

याच नियमांतला एक भाग विद्यार्थी वाचतच नाहीत. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणं हे सगळं तपासणीतून वगळायचं असतं. सर्वसाधारण माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दही धरायचे नसतात. म्हणजे ज्याच्या अवतरणांना नीट खुणा आहेत त्याला घाबरण्याचं कारण नाही. अठरा टक्के आले की आधी अहवाल उघडा आणि रंगवलेले भाग एकेक पाहा. अवतरणं आणि सूची वगळण्याचा पर्याय चालू होता का, हे ग्रंथपालांना विचारा. अनेकदा आकडा तिथेच उतरतो.

इथे एक बारीक गोष्ट. मराठी छपाईत अवतरणासाठी एकेरी चिन्हं सर्रास चालतात, पण टर्निटिनसारखी साम्य तपासणारी यंत्रणा एकेरी चिन्हांतला मजकूर अवतरण म्हणून ओळखत नाही. दुहेरी चिन्हं वापरा किंवा लांब उतारा वेगळ्या परिच्छेदात द्या. दुसरं, प्रबंध जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करून घेऊ नका. युनिकोडच हवं, हे दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर तपासणीच्या वेळी सगळं रूपांतर करावं लागतं, त्याचे पैसे वेगळे, आणि जोडाक्षरं विस्कटतात ती पुन्हा बसवायला चार रात्री जातात.

तपासणीसाठी बाहेर पैसे भरायची बहुतेकांना गरज नाही. संस्थेनेच सॉफ्टवेअर पुरवावं असं यूजीसीचे नियम सांगतात, आणि इन्फ्लिबनेटच्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून २०१९ पासून विद्यापीठांना ते मिळत आलं आहे. विद्यापीठ शुल्क घेत असेल तर पावती घ्या. बाहेरच्या अनोळखी संकेतस्थळावर किंवा एजंटाकडे अख्खा प्रबंध चढवण्यात मोठी जोखीम आहे. तुमची प्रत त्यांच्या साठ्यात राहिली तर विद्यापीठाच्या तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्याशी जुळलेला दिसेल. मग ‘ते माझंच आहे’ हे समितीपुढे सिद्ध करत बसा.

‘साम्य कमी करून देतो’ म्हणणारे काय करतात तेही पाहून ठेवा. ते शब्द बदलतात. ‘ग्रामीण साहित्य’चं ‘खेड्यातील वाङ्मय’ होतं, ‘दलित आत्मकथन’चं ‘पीडित स्वकथा’. टक्के घसरतात, आणि प्रबंधातली परिभाषाही नाहीशी होते. वर हे सगळं श्रेय न देताच झालेलं असल्यामुळे चोरी जिथल्या तिथे असते. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून तो स्वतःचा म्हणून देणाऱ्यांचंही तेच. यंत्राला ते कळत नाही, पण बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने तो लेख वाचलेला असतो. त्या विषयातले लेख असतात तरी किती!

चॅटबॉटकडून संदर्भसूची मागवणाऱ्यांना एकच सांगणं: त्यातला प्रत्येक ग्रंथ उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. लेखक खरा, प्रकाशक खरा आणि पुस्तक कधी निघालंच नाही, असे संदर्भ ही साधनं अगदी आत्मविश्वासाने देतात.

पेपर छापण्याचे पैसे

प्रबंधाबरोबर दोन पेपर हवेतच, असं म्हणत ‘दोन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह’ अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. यूजीसीने २०२२ च्या पीएच.डी. नियमांतून पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती लेखी मागून घ्या. ‘यूजीसी केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ म्हणून आज पैसे मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. लेखाला कायमची ऑनलाइन ओळख देणाऱ्या डीओआय क्रमांकाचे वेगळे हजार रुपये कुणी मागितले तर विचारा, कशाचे? डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे एका नव्या लेखाची नोंद प्रकाशकाला साधारण एका डॉलरला पडते. स्वतःचा लेख किंवा मुलाखतींची सामग्री झेनोडो या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवली तर डीओआय फुकट मिळतो.

परवानगी कधी लागते

प्रबंधात समीक्षेसाठी कविता किंवा उतारा उद्धृत करायला परवानगी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. दहा टक्के, दोनशे शब्द, आठ ओळी असले आकडे जे सांगितले जातात ते त्या कायद्यात कुठेही नाहीत. पाहिलं जातं ते हे, की तुम्ही त्या ओळींबद्दल काही म्हणता आहात की नुसत्या छापता आहात. झेरॉक्सच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्यात अभ्यासक्रमापुरत्या प्रती काढायला मुभा दिली. अख्खं पुस्तक छापून विकायला दिलेली परवानगी ती नव्हे.

प्रबंधाचं पुस्तक करायचं ठरलं की चित्र बदलतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. केशवसुत, बालकवी, मर्ढेकर यांच्या ओळी आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांचा हक्क २०५९ अखेरपर्यंत. विंदा करंदीकर २०१० मध्ये गेले, त्यांचा २०७० पर्यंत. संतांचे अभंग मोकळे असले तरी अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा त्याच्या असतात. पूर्ण कविता पुस्तकात घ्यायची असेल तर परवानगीचं पत्र लागेल, आणि त्याचा खर्च शून्यापासून हक्कदार मागेल तितका.

पत्र आधी प्रकाशकाला पाठवा, कारण हक्क लेखकाच्या वारसांकडे आहे की प्रकाशकांकडे, हे तेच सांगतील. पत्रात नेमक्या ओळी, तुमच्या पुस्तकाचं नाव, अंदाजे प्रती, किंमत आणि ई-पुस्तकही निघणार आहे का, एवढं लिहा. ई-पुस्तकाचा उल्लेख राहिला तर वर्षभराने पुन्हा तेच पत्र लिहावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी मानधनाची मागणी बहुधा वाढलेली असते. होकार फोनवर मिळाला तरी ईमेलवर मागून घ्या. छपाईला जाण्याआधी निदान दोन महिने हाताशी ठेवा, कारण वारस तिघे असतील तर तिघांचीही सही लागते.